पाणी शिरते कुठून?



आपल्या बीड जिल्ह्यात पाऊस तसा कमीच. पण येतो तेव्हा जुन्या गाड्यांची परीक्षा घेतो. ज्यांच्याकडे कॅम्पर गाडी आहे, म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे सामानाचा हौदा, त्यांना हा अनुभव असेल. भर पावसात पाटोद्याहून बीडला यावे आणि उतरताना पाहावे, तर पायाखालची चटई चिंब. काचा बंद, दारे बंद, तरी पाणी आत.

अशी एक गाडी आमच्या पाहण्यात आहे. तिच्या मागच्या डाव्या दारापाशी पाणी साचत असे. पहिल्या कारागिराने जिथे थेंब दिसला तिथेच, दाराच्या खालच्या कडेला, सिलिकॉन भरले. आठ दिवस सगळे खूश. नंतर पाणी पुन्हा आले आणि वर दार उघडताना आतून डुचमळल्याचा आवाज येऊ लागला. दुसऱ्याने दाराचे रबर बदलले. रबर चांगले होते, महागही होते. गळती मात्र होती तशीच. शेवटी गाडी एका वयस्कर मिस्त्रीकडे गेली. मालक म्हणाले, "चाचा, खालून गळतंय. तिथं काहीतरी पक्कं भरून टाका." चाचा म्हणाले, "भाऊ, दिसतंय तिथूनच पाणी येतं असं नसतं. आधी शिरतंय कुठून ते बघू."

त्यांनी काय केले ते जरा सविस्तर सांगतो. आधी दाराच्या चौकटीत कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. चारी बाजूंनी ती घट्ट धरली गेली, म्हणजे रबराचा दोष नव्हता. मग एका पोराला बॅटरी देऊन आत बसवले आणि बाहेरून पाण्याचा पाइप धरला, तोही खालून सुरुवात करून हळूहळू वर. आधीच वरून पाणी सोडले तर सगळेच भिजते आणि काही कळत नाही. पाइप काचेच्या खालच्या पट्टीपर्यंत आला तेव्हा आतल्या पोराने हाक दिली.

आता गंमत अशी की, त्या पट्टीतून पाणी दारात उतरणे हा मुळी दोषच नाही. काच वर-खाली होते, त्यामुळे ती फट पूर्ण बंद करता येत नाही. दार बनवणाऱ्याला हे ठाऊक असते. म्हणून आत उतरलेले पाणी पत्र्यावरून खाली जावे आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावे अशी वाट ठेवलेली असते. ते केबिनकडे वळू नये म्हणून आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. या गाडीत कोणीतरी स्पीकर बसवताना तो कागद फाडला होता आणि भोकांमध्ये धूळ व उसाच्या पाचटाचा चुरा घट्ट बसला होता. जे भोक जरा उघडे होते ते पहिल्या कारागिराच्या सिलिकॉनने बुजले. चाचांनी सिलिकॉन खरवडून काढले, तारेने भोके मोकळी केली, नवा कागद नीट चिकटवला. खर्च म्हणाल तर त्या रबरापेक्षा कमी.

खरे तर बीडकरांना हे कोणी शिकवण्याची गरज नाही. आपली खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. काठावर उभे राहिले की नुसते पाणी दिसते. ते येते आणि जाते जमिनीखालच्या बोगद्यांतून.

आम्हाला सतावणारा प्रश्न गाडीचा नाही. जिथे दोष दिसतो तिथेच बोट ठेवणे न्यायाचे आहे का, हा तो प्रश्न आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. तेव्हा आम्ही जे बोलणे ऐकले ते असे: "बायका अडाणी, त्यांनीच होकार दिला." कोणी म्हणाले, "डॉक्टर लोभी." थेंब दिसला तो तिच्या शरीरात, म्हणून बोट तिच्याकडे, नाही तर शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरकडे.

पण वर वर सरकत गेले तर? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडायची. एक दिवस काम चुकले तर खाडा, आणि तो पाचशे रुपयांच्या घरात. फडाजवळच्या कोपीत संडास नाही, न्हाणी नाही, कपडा धुवायला पुरेसे पाणी नाही. मग अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, पाळीत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. त्याआधी कोवळ्या वयातले लग्न आणि लागोपाठची बाळंतपणे. अशा बाईला कोणी सांगितले की पिशवी काढली की कटकट मिटेल, तर ती हो म्हणते. दुखणे थांबते, खाडाही थांबतो. सिलिकॉननेही आठ दिवस गळती थांबली होती. ज्यांना थेंब दिसत होता त्यांचे समाधान झाले, आणि पत्रा आतून गंजत राहिला.

याचा अर्थ डॉक्टर निर्दोष, असे आम्ही म्हणत नाही. तिथे भोक आहे हे माहीत असून जो सिलिकॉन भरतो त्याचा हिशेब वेगळा, आणि ज्याला माहीत नाही त्याचा वेगळा. २०१९ मध्येच खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा नियम झाला. तो हवाच होता. पण तो दाराच्या रबरासारखा आहे. खाडा, उचल आणि कोपी त्याच्या कक्षेत येत नाहीत. आणि पाइप आणखी वर नेला तर तो साखरेच्या पोत्यापाशी, मिस्सानंतरच्या आपल्या चहाच्या कपापाशीही येतो. एवढ्या लांबून आलेल्या पाण्याचा दोष कोणाच्या नावावर लिहायचा? प्रत्येकाच्या थोडा थोडा, असे म्हणणे सोपे आहे. पण तसे म्हटले की कोणाच्याच नावावर लागत नाही. आम्हाला वाटते, ज्याच्या हाती जी फट आहे ती त्याच्या नावावर. कारखान्याच्या हाती फडावरचे पाणी आणि संडास आहे. मुकादमाच्या हाती खाड्याचा रकाना आहे. आई-बापांच्या हाती मुलीच्या लग्नाचे वय आहे.

यंदाही दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. आपल्या धर्मग्रामातलीही काही घरे त्यांत असतील. उचल घेताना कागदावर अंगठा उठतो, त्या वेळी पाळीच्या दिवसांत खाडा धरायचा की नाही, हे मुकादमाला चारचौघांत विचारता येते.