नववा माणूस

१९५९ साली बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं, की थोड्या अंतरावर भातशेती लागायची. आमचं एक्सर गाव तिकडेच. बाबा पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन भायखळ्याला जायचे, येताना पेपर आणायचे. संध्याकाळी पारावर तो मोठ्याने वाचला जाई.

त्या वर्षी पारावर एकच विषय होता, नानावटी खटला. नौदलातला कमांडर. बायकोने प्रेम आहुजाशी असलेले संबंध कबूल केले. २७ एप्रिलला हा बोटीवरून रिव्हॉल्व्हर घेऊन आहुजाच्या घरी गेला, तीन गोळ्या सुटल्या, आहुजा मेला. मग हा स्वतःच पोलिसांत हजर झाला. बचाव असा, की झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकारी वकिलाने विचारलं, झटापट झाली तर अंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाही? तरी ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवलं.

पार खूश झाला. "घर राखलं त्याने!" बाबा एवढंच म्हणाले, "तो नववा कोण असेल रे?"

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर गावात तंटा झाला. आमच्या शेजारच्या काकांनी भाजी चोरणाऱ्याला इतकं मारलं, की त्याचा हात मोडला. काका अडल्यानडल्याला धावणारे, चोर नावाजलेला उडाणटप्पू. पाच पंच बसले, त्यांत बाबा. चौघे म्हणाले, "चांगल्या माणसाला कशाला खाली बघायला लावता? चोरालाही धडा मिळाला."

बाबा म्हणाले, "चोरीचा दंड त्याला लावा. पण हात मोडलाय. काकांनी औषधाचे पैसे द्यायचे. माणूस कसा आहे ते कोणी विचारलेलं नाही, काय केलं ते विचारलंय."

चौघांपुढे एकाचं काय चालणार? निकाल काकांच्या बाजूने लागला. पण काका बोलेनासे झाले, आणि त्या वर्षी आमच्या आवणीला एक माणूस फिरकला नाही. आई, बाबा आणि मी, कमरेचे काटे ढिले होईस्तोवर चिखलात वाकून होतो. मला बाबांचा फार राग आला होता.

पुढे कॉलेजात बेंथम आणि कांट वाचले. एक म्हणतो, परिणाम बघा. दुसरा म्हणतो, सगळ्यांना लावता येईल असा नियम बघा. आमच्या पारावर दोन्ही होते. शिवाय तिसरंही होतं, माणूस बघा. ते तिसरं चुकीचं नाही. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना ते बघावंच लागतं. पण घडलं काय, हे ठरवतानाच ते मध्ये आलं, की टॉवेल दिसेनासा होतो.

नानावटीचंही तसंच झालं. सेशन्स जज्जांनी ज्यूरीचा कौल न मानता खटला हायकोर्टाकडे पाठवला. तिथे जन्मठेप झाली, १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. म्हणजे दया मिळाली, पण गुन्हा ठरल्यावर. १९७३ च्या फौजदारी कायद्यात मग ज्यूरीला जागाच उरली नाही.

दोनेक वर्षांनी काकांचा भावाशी बांधावरून वाद झाला. एका रात्री ते आमच्या ओटीवर येऊन बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पंच म्हणून तुम्हीच बसा. दुसरा कोणी नको."

बाबांनी आईला चहा टाकायला सांगितला.