खालच्या गांवाचें पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-२२



ह्या भागांत परमेश्वर मेंढपाळांचा न्याय करून थांबत नाहीं; तो मेंढरांचाहि न्याय करितो. धष्टपुष्ट मेंढरें स्वच्छ पाणी पिऊन तृप्त झालीं, ह्याबद्दल त्यांस दोष लाविलेला नाहीं. राहिलेलें पाणी तीं पायांनीं गढूळ करितात आणि मागून येणाऱ्या दुबळ्यांस तेंच प्यावें लागतें, ह्याचा जाब तो मागतो. आणि खरें पाहतां त्या मेंढरांच्या मनांत दुष्टावा असतो असेंहि नाहीं. तीं केवळ मागें वळून पाहत नाहींत.

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील पुष्कळांस कयाधू नदी ठाऊक आहे. ती वाशीम जिल्ह्यांतून येते, नर्सी नामदेव व हिंगोली शहर ह्यांच्या जवळून वाहते आणि पुढें पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती गोदावरींत जाते आणि गोदावरी समुद्रांत. एका मोरीचें पाणी इतका प्रवास करितें! त्या सर्व वाटेवर माणसें पाणी भरितात.

शहराचें सांडपाणी शुद्ध करण्याचें केंद्र काय करितें, हें खेड्यांतील मंडळीनेंहि समजून घ्यावें. पुष्कळांस वाटतें कीं तेथें औषध टाकितात आणि घाण नाहींशी होते. तसें नाहीं. प्रथम पाणी लोखंडी जाळींतून जातें व चिंध्या-काटक्या अडतात. मग संथ टाक्यांत वाळू व गाळ तळाशीं बसतो. त्यानंतर पाण्यांत हवा सोडितात, आणि डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव विरघळलेली घाण खाऊन टाकितात. ही रीत १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्यांनीं प्रसिद्ध केली. वीज जाऊन हवा बंद पडली, कीं ते जीव मरूं लागतात, आणि केंद्राची इमारत कितीहि चांगली असली तरी घाण तशीच नदींत उतरते. शिवाय गाळ उरतोच. तो कोणींतरी काढावा लागतो. तें काम माणसानें गटारांत उतरून करूं नये असा कायदा २०१३ सालीं झाला, तरी माणसें अजून उतरतात व मरतात. आपल्या मंडळ्यांत ज्यांच्या वाडवडिलांनीं हें ओझें डोक्यावर वाहिलें अशीं घराणीं आहेत. त्यांस हें अधिक सांगणें नलगे.

१८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीनें सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. डॉक्टर जॉन स्नो म्हणाला, दोष ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्याचा आहे. तेथील हेन्री व्हाइटहेड नांवाच्या तरुण पाळकास हें पटलें नाहीं. डॉक्टरास खोटें ठरवावें म्हणून तो आपल्या लोकांच्या घरोघरीं विचारीत फिरला, आणि खरें तेंच त्यास सांपडलें : पंपाजवळच्या घरांतील एका आजारी तान्ह्या मुलाचीं दुपटीं धुतलेलें पाणी मैलाकुंडींत टाकिलें जात असे, आणि त्या कुंडीच्या भिंती झिरपत होत्या. हें त्यास कां सांपडलें? तो त्या आईस ओळखत होता. अहो शिक्षकबंधूंनो, तुम्हीहि घरोघर फिरतां. हें विद्वानांस साधत नाहीं.

आतां माझें सांगतों. माझ्या राहत्या घराच्या शौचकूपाची टाकी भरली, म्हणजे तिचें वरचें पाणी एका नळीनें ओढ्यांत जात असे. खालच्या वस्तींतील एक बहीण मला म्हणाली होती, "पाळकसाहेब, पावसाळा सरला कीं आमच्या विहिरीला वास येतो." तिचें मूल जुलाबानें निपचित पडलें होतें. मीं गुडघे टेकून प्रार्थना केली आणि घरीं आलों. नळी माझ्या मनांतहि आली नाहीं. मूल वांचलें, ही देवाची दया. माझें त्यांत कांहीं नाहीं. पुढें यहेज्केलाचा हाच भाग उपदेशासाठीं वाचीत असतां मला ओढा आठवला, आणि त्या रविवारीं मला उपदेश करवेना.

ती नळी आतां बंद केली आहे. पाणी मुरण्यासाठीं विहिरींपासून पुष्कळ दूर दुसरी जागा खणली आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत हिमायतनगर तालुक्यांतील टेंभुर्णी गांवानें घरोघर शोषखड्डे करून रस्त्यावरचें सांडपाणी थांबविलें, तें पुष्कळांनीं पाहिलें आहे. न्हाणी व मोरी ह्यांच्या पाण्यास तो उपाय चालतो. शौचकूपाच्या पाण्यास विहिरीजवळ मुळींच चालत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

मोशेनें इस्राएलाच्या छावणींतील प्रत्येकास हत्यारांबरोबर खणण्याचें एक साधन बाळगावयास सांगितलें होतें (अनुवाद २३:१२-१४), कारण छावणींतून परमेश्वर स्वतः चालत असे. येत्या रविवारीं उपासना झाल्यावर आम्ही ओढ्याच्या कांठानें खालच्या वस्तीपर्यंत चालत जाणार आहों, आणि कोणाच्या घराचें पाणी कोठें उतरतें तें पाहणार आहों. आरंभ माझ्या घरापासून होईल. ज्यांच्याजवळ कुदळ असेल त्यांनीं ती घेऊन यावें.