चाकांवरचे घर आणि अनिकेत वृत्ती

काही दशकांपूर्वी पवनेकाठचे शेतीचे गाव असलेले पिंपळे सौदागर आज हिंजवडी आणि चाकणच्या नोकरदारांच्या गृहसंकुलांनी भरले आहे. तेथे घर बहुधा वर्षानुवर्षांच्या कर्जातून उभे राहते, आणि म्हणूनच हिमालयाकडे निघणाऱ्या कुटुंबाला मोटरहोमची, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेल्या वाहनाची, ओढ वाटावी हे स्वाभाविक आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलर गाडीवर अशी घरे बांधली जातात, आणि राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मात्र घरच बरोबर घेऊन निघालेल्याने घर सोडले असे म्हणावे काय, हा प्रश्न धर्मविचाराचा आहे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये अनिकेत असणे येते. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार ज्याला नियत निवासस्थान नाही तो अनिकेत. रामानुजाचार्यांच्या मते आत्म्यात बुद्धी स्थिरावल्यामुळे घरादाराविषयी ज्याची आसक्ती सुटली तो अनिकेत. पहिल्या अर्थाने मोटरहोममधला प्रवासी गृहस्थच राहतो, कारण मुक्काम बदलला तरी बिछाना आणि चूल त्याचीच असते. दुसऱ्या अर्थाने वाहन गौण ठरते. आळंदीला ज्यांची समाधी आहे त्या ज्ञानदेवांनी मात्र याच लक्षणाचे विवरण करताना अशा भक्ताला अवघे विश्वच घर वाटते असे म्हटले आहे, आणि प्रस्तुत विषयात हाच अर्थ सर्वांत वजनदार आहे, कारण विश्व घर मानले की त्याची जबाबदारीही अंगावर येते.

हिमाच्छादित घाटात ती जबाबदारी अगदी ठोस होते. डांबरावर गोठलेला पारदर्शक थर चालकाला सहसा दिसत नाही. उंच, जड वाहन उतारावर ब्रेक दाबताच घसरू शकते, म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या अवरोधानेच वेग आवरावा लागतो आणि चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. आडवी झालेली एक गाडी मागची सारी वाहतूक रोखते, आणि तिला काढायला सीमा सडक संघटनेच्या मजुरांना त्याच थंडीत उतरावे लागू शकते. सांडपाण्याची नळी गोठली की ते पाणी बर्फातच सोडण्याचा मोह होतो. ते पुढे वितळून खालच्या गावाच्या ओढ्यात उतरते.

आपल्या चालण्याने इतरांना इजा होते अशा वेळी थांबणे हेच परंपरेने व्रत मानले. पावसाळ्यात जमिनीवर जीवजंतू व अंकुर वाढतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली चिरडले जातात, म्हणून जैन व बौद्ध भिक्षूंनी वर्षावास, म्हणजे त्या काळात एकाच ठिकाणी राहण्याचा नियम, पाळला. संन्याशांचा चातुर्मासही त्याच जातीचा. हिवाळ्यात केदारनाथाची उत्सवमूर्तीसुद्धा उखीमठला खाली आणली जाते. फिरत्या साधूला चालण्यापेक्षा हे थांबणेच अधिक जड गेले असावे.

मनाली आणि लाहौल यांमधली रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद होई, तेव्हा लाहौलच्या बाबतीत थांबण्याचा हा निर्णय ऋतूच घेत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्या खिंडीखालून जाणारा सुमारे ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलच्या लोकांची हिवाळी कोंडी फुटली, हे निःसंशय चांगले झाले. पण पर्यटकाच्या बाबतीत, प्रशासनाने रस्ता बंद केलेला नसेल तेव्हा, हिमवृष्टीत मनालीलाच थांबायचे की बोगद्यापलीकडच्या सिस्सूपर्यंत जायचे, आणि गेल्यास सांडपाण्याची भरलेली टाकी तशीच परत आणायची की नाही, हे आता स्टिअरिंग धरणाऱ्यालाच ठरवावे लागते.