बत्तीस पगारांचं घर

कारेगावात कोंबडा आरवायच्या आधी कंपन्यांच्या बसचे भोंगे वाजतात. पहिल्या पाळीची माणसं पुणे-नगर रस्त्यावर येऊन उभी राहतात, रात्रपाळीची उतरतात, आणि कित्येक खोल्यांत एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा तिच्यावर आडवा होतो. नव्वदच्या दशकात रांजणगावची एमआयडीसी आली आणि ज्या मुरमाड रानात बाजरी जेमतेम गुडघ्याला लागायची, तिथं ओळीनं खोल्या उगवल्या.

अशा दहा खोल्या तात्यांच्याही होत्या. माणूस हिशेबी, पण लबाड नव्हे. पाण्याची टाकी वेळेवर भरायचे, कुणी आजारी पडलं तर भाड्याला आठ दिवस थांबायचे. खोड एकच. भाडं घेताना पोरांना ऐकवायचेच, "आम्ही एका पगारावर घर उभं केलं. तुम्हाला जमत न्हाई, कारण तुमचा पैसा मोबाईलमधी जातो."

पाच नंबरच्या खोलीत परभणीकडचं एक जोडपं अकरा वर्षं राहत होतं. तो कंपनीत कंत्राटी कामगार. महिन्याला हातात पडायचे १७,००० रुपये. एका एक तारखेला भाड्याचे ३,५०० रुपये मोजून देताना त्यानं भीतभीत विचारलं, "तात्या, खोल्यांमागची जागा विकणार हाय म्हणं. एक गुंठा कितीला पडंल?"

"नऊ लाख. चालू भाव हाय," तात्या म्हणाले. "आन् एकट्या गुंठ्याचा दस्त व्हणं अवघड. तुकडेबंदीचा कायदा हाय १९४७ चा. काही जण मिळून घ्या, सातबारावर सामाईक नावं लावा." पोराचा चेहरा उतरलेला पाहून त्यांची नेहमीची टेप सुरू झाली. "मी १९७६ साली गावठाणात घर बांधलं. घोडनदीला आडतीवर दिवाणजी व्हतो. पगार दीडशे रुपये. एक पैचं कर्ज काढलं न्हाई."

पोरगा मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या बायकोनं मात्र दारातूनच विचारलं, "तात्या, घराला पगार किती लागले? रुपये नका सांगू, पगार सांगा."

दिवाणजीला हिशेब विचारला, तात्या खुलले. घरातून लाल बासनात गुंडाळलेली चोपडी आणली. अक्षर मोत्यासारखं. दगड, चुना, सागाची तुळई, दोन दारं, तीन खिडक्या, बिजागऱ्या, खिळे, गवंड्याची मजुरी. बेरीज ४,८०० रुपये.

"म्हंजे बत्तीस पगार," ती म्हणाली. मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठीमागं मांडायला बसली. चारशे चौरस फुटांचं साधं बांधकाम, फुटाला सोळाशे धरले तर ६,४०,००० रुपये. भागिले सतरा हजार. सदतीस-अडतीस पगार.

"बघा तात्या. तुमचं बत्तीस, आमचं अडतीस. घरात काय लई फरक न्हाई. पण गुंठ्याचे नऊ लाख म्हंजे वर आणखी त्रेपन्न पगार. एकूण झाले एक्क्याण्णव. साडेसात वर्षं कुणी जेवायचं न्हाई, आजारी पडायचं न्हाई, तुम्हाला भाडं द्यायचं न्हाई, तवा घर." मग तिनं चोपडीकडं बोट केलं. "तुमच्या वहीत जागा कुठं लिहिलीय?"

तात्यांनी पान उलटलं. पुन्हा मागं आले. जागा लिहिलेली नव्हती. ती वडिलांची होती, गावठाणातली. ती विकत घ्यायची असते हे तेव्हा त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"आन् एवढी मोठी तुळई तुम्ही एकट्यानं चढवली?"

तेही लिहिलेलं नव्हतं. तात्यांना तो दिवस आठवला. इर्जिक घातली होती. भावकीतली आणि आळीतली अठरा माणसं दोर लावून तुळई वर चढवत होती. खाली आई भाकऱ्या थापत होती. त्या भाकरीचं पीठ वडिलांच्या रानातलं, म्हणून दीडशेचा पगार जवळपास सगळाच घराला लागला. भाडं तर माहीतच नव्हतं. आणि या पोरानं अकरा वर्षांत भाड्यापायी पावणेचार लाख मोजले होते. ते तात्यांच्याच दुसऱ्या वहीत होते, जमेच्या बाजूला.

रात्री तात्यांना झोप लागेना. पिंपरीतला मेहुणा आठवला. तो कंपनीत कायम होता. १९७२ साली पिंपरी-चिंचवडला नवनगर विकास प्राधिकरण निघालं, तेच मुळी कामगारांना परवडणारी घरं मिळावीत म्हणून. त्यात निगडीला प्लॉट मिळाला. तोही आपल्या पोरांना 'मी कष्टानं घेतलं' असंच सांगायचा. कष्ट खोटे नव्हतेच. पण कष्टाला खालून कुणीतरी हात लावला होता, आणि तो हात कुणीच वहीत लिहिला नव्हता. या पोराच्या वाट्याला ना प्राधिकरण, ना कायम नोकरीचा कागद. बँकेनं तर दारातूनच माघारी लावलं होतं. त्याच्या कष्टाला खालून हात नव्हता, उलट खांद्यावर तात्यांच्याच खोलीचं भाडं होतं.

सकाळी तात्यांनी किल्ली शोधली आणि गावठाणातल्या जुन्या घराचं कुलूप काढलं. रस्त्याकडेला बंगला झाल्यापासून ते बंदच होतं. माळवदाचा एक कोपरा खचला होता, पण तुळई शाबूत होती. त्यांनी पोराला बोलावून घेतलं.

"हे मी बत्तीस पगारांत बांधलं. तूबी बत्तीस पगारांतच घे. तुझे बत्तीस. ५,४४,००० रुपये. साठलं असंल तेवढं आधी दे, बाकीचं महिन्याला सहा हजारांनी. व्याज न्हाई. कागद मातर पक्का करू."

तात्यांचा मुलगा तडकला. "तात्या, आज कुणीबी याचे दुप्पट देईल!"

"तुझा हिशेब बरोबर हाय," तात्या म्हणाले. "आता तुझ्या आज्यानं ही जागा मला कितीला दिली, तेवढं या चोपडीत शोधून दे."

मुलानं चोपडी हातात घेतली, चाळली आणि खाली ठेवली.

बाकीच्या नऊ खोल्यांतली बिऱ्हाडं तिथंच राहिली, हे तात्यांनाही कळत होतं. एका माणसाच्या किल्लीनं सगळी कुलपं निघत नाहीत. पण त्या एक तारखेपासून भाडं घेताना त्यांनी कुणाला मोबाईलच्या खर्चावरून ऐकवणं सोडलं. ते एवढंच म्हणायचे, "दुसऱ्याच्या वहीतला खर्च काढायच्या आधी आपल्या वहीतली कोरी पानं वाचावी."

दिवाळीनंतर माळवद उतरवून पत्रे टाकायचे ठरले. तात्यांनी पन्नास वर्षांनी पुन्हा इर्जिक घातली. आळीतली म्हातारी माणसं आली, त्यांचे नातू आले, रात्रपाळी करून परभणी-लातूरकडची पोरं आली. पोराची बायको नवी वही घेऊन ओट्यावर बसली. पत्र्यांची पावती तिच्यापुढं ठेवत नवरा म्हणाला, "लिही."

"पैसे मागनं," ती म्हणाली, आणि पहिल्या पानावर माती वाहणाऱ्यांची नावं लिहायला लागली.