करंट कुठवर पोचतो ते बघ

मुरबाड,
श्रावण

चि. भाचीस,


फोन मध्येच तुटला, म्हणून सविस्तर लिहितो. कसारा स्टेशनबाहेर दिवसभर पावसात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ करते, किकवरही उठत नाही, आणि गॅरेजवाल्याने बॅटरी, सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट सोडणारा डबा) आणि अख्खा वायरिंग सेट बदलायला सांगितलाय, एवढं मला कळलं. यातलं काहीही अजून विकत घेऊ नकोस. तिन्हींतली एखादी वस्तू खरंच गेलेली असू शकते. पण कोणती, ते कुणीच तपासलेलं नाही. न तपासता सामान बदलत गेलं की खरा दोष आत तसाच राहतो, पैसे मात्र जातात. आपल्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात भाताच्या पैशातून गाडीचे हप्ते फेडणारी किती घरं आहेत, ती मी पाहिली आहेत. त्यांच्या चांगल्या गाड्यांची वायरिंग विनाकारण उचकटलेली बघितली की मला फार वाईट वाटतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घे. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, फ्यूज, चावीचा स्विच, बटण असं करत कामाच्या जागी पोचतो आणि गाडीच्या लोखंडी बॉडीतून मायनसकडे परततो. कसाऱ्याहून सीएसएमटीला गेलेली लोकल परत आली नाही, तर पुढची फेरी सुटायची कशी? तसंच हे. जाण्याची वाट तुटली काय किंवा येण्याची तुटली काय, बंद पडणारी वस्तू तीच. लोक प्लसची वायर तपासतात आणि मायनसकडे, म्हणजे अर्थिंगकडे, कुणी बघतच नाही. पावसाळ्यात मात्र अर्ध्या तक्रारी तिथेच सापडतात.

आता तुझ्या गाडीकडे येतो. ती कार्ब्युरेटरची जुनी 100 सीसी आहे. सेल्फ उचलत नाही आणि किकने सुरू होत नाही, या दोन तक्रारी वेगवेगळ्या धर. त्या काळच्या बऱ्याचशा लहान गाड्यांत प्लगचा करंट बॅटरीतून येतच नाही. इंजिनाच्या डाव्या बाजूला जो मॅग्नेट फिरतो, त्याच्या आतल्या वेगळ्या कॉइलमध्ये तो तयार होतो आणि सीडीआयमार्गे प्लगला जातो. म्हणजे बॅटरी पार मेलेली असली, तरी किकवर इंजिन उठायला हवं. बॅटरीशिवाय, फिरण्याच्या जोरावर ठिणगी पाडण्याची ही कल्पना चांगली जुनी आहे. बॉश कंपनीतल्या गॉटलॉब होनोल्ड या इंजिनिअरने 1902 साली जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो बनवला, तेव्हापासून ती मोटारींत रुळली. माझ्या तरुणपणी राजदूत, येझदीला सीडीआय नव्हता, पॉइंट होते. पॉलिश पेपरने पॉइंट घासले की निम्मं काम व्हायचं.

तेव्हा किकवरही गाडी उठत नसेल, तर नवी बॅटरी घालून ती तक्रार मिटेलच असं नाही. तुझी बॅटरी बहुधा उतरली आहे, आणि त्याशिवाय प्लगपर्यंत करंट नीट पोचत नाहीये, असा माझा कयास आहे. दोन्ही तपासून बघ.

बॅटरीपासून सुरू कर. तुझी रोजची धाव पाड्यापासून स्टेशनापर्यंत, थोडकी. सेल्फ मारताना जेवढा करंट खर्च होतो, तो भरून यायला गाडी काही वेळ बऱ्या वेगात चालावी लागते. नुसत्या आयडलवर ठेवून काही होत नाही. लहान गाडीची बॅटरी जेमतेम तीन-चार अँपिअर-तासांची असते. त्यात सकाळी सेल्फ, संध्याकाळी सेल्फ आणि मधे काही मिनिटांचा प्रवास. हळूहळू ती रिकामी होत जाते आणि एके दिवशी नुसतं ‘टक्’ वाजतं. तो आवाज स्टार्टर रिलेचा. आवाज येतोय म्हणजे बटण आणि रिलेपर्यंतची वाट ठीक आहे, पुढे मोटर फिरवण्याइतका जोर नाही. आवाजच आला नसता तर फ्यूज, किल स्विच, क्लचचा स्विच इकडे बघायला सांगितलं असतं.

आधी टर्मिनल बघ. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढली असेल, तर खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घास, कोरडं कर, पक्कं आवळ आणि वरून व्हॅसलीन लाव. काढताना मायनस आधी, लावताना प्लस आधी. हा क्रम चुकवू नकोस, कारण मायनस जोडलेलं असताना प्लसवरचा पान्हा चेसीला लागला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरी पाण्याची असेल तर पातळी बघ, आणि त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, प्यायच्या बाटलीतलंही नाही, कारण त्यातले क्षार प्लेटांवर बसतात.

मग मल्टीमीटर. तुझ्याकडे नसेल तर शहापुरात इलेक्ट्रिकच्या दुकानात साधा घे, महागाचा नको. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर लाव. 12.6 किंवा वर दाखवलं तर बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे थोडी उतरलेली. 12.0 म्हणजे जवळपास रिकामी. पण एवढ्यावर थांबू नकोस. मीटर तसाच ठेवून सेल्फ दाब. आकडा 10 च्या बऱ्याच खाली, नऊ-साडेनऊच्याही खाली घसरला, तर बॅटरी आधी चार्जिंगला लाव आणि नंतर पुन्हा हीच परीक्षा घे. भरूनही घसरली तर ती गेली, खुशाल बदल. पण सेल्फ दाबताना बॅटरीवर बारा-साडेबारा टिकून राहिले आणि मोटर फिरली नाही, तर बॅटरी निर्दोष आहे, तिला हात लावू नकोस. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लाव, सेल्फ दाब. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थची वायर गंजली किंवा ढिली झाली आहे. एका बोल्टाचं काम. बदललेल्या कितीतरी बॅटऱ्या या एका बोल्टापायी वाया गेल्या आहेत.

इथे एक ताकीद. घाटात किंवा हायवेच्या ढाब्यावर गाडी बंद पडली की ट्रकवाले आपणहून मदतीला येतात, भली माणसं असतात. पण ट्रकची सिस्टीम 24 व्होल्टची असते. त्याच्या वायरी तुझ्या 12 व्होल्टच्या बॅटरीला लावू द्यायच्या नाहीत, बल्बापासून रेक्टिफायरपर्यंत सगळं जळेल. दुसऱ्या मोटारसायकलची बॅटरी चालेल. जीपची घ्यायची वेळ आलीच, तर जीपचं इंजिन बंद ठेवून.

आता किकची तक्रार. प्लगच्या टोपीवर माझा पहिला संशय आहे. तानसा तलाव 1892 पासून मुंबईला पाणी पुरवतोय, भातसा धरणही शहापूर तालुक्यातच, म्हणजे इकडे पाऊस किती पडतो ते तुला मी सांगायला नको. प्लगवर दहा-पंधरा हजार व्होल्टचा करंट येतो आणि त्याला ओल्या रबरातून बाहेर निसटायला बारीकशी चीरही पुरते. टोपी काढ, आत पाणी किंवा हिरवा गंज आहे का बघ, कोरड्या फडक्याने पूस. अंधारात किक मारताना टोपीभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर दोष तिथेच. टोपी जाड वायरीवर फिरवून बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढ, वायरीचं काळं पडलेलं टोक थोडंसं काप आणि पुन्हा पीळ देऊन बसव. बऱ्याच टोप्यांच्या आत सुमारे 5 किलोओहमचा रेझिस्टर असतो. मीटरवर काहीच रीडिंग आलं नाही तर टोपी बदल.

मग प्लग काढून टोपीत बसव, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकव आणि किक मार. प्लग हाताने धरायचा नाही, इन्सुलेटेड पक्कड घे. आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेव, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटते. निळीपांढरी, टचटचीत ठिणगी हवी. पिवळट, मलूल असेल तर पुरेशी नाही. ठिणगी चांगली आहे आणि प्लग पेट्रोलने भिजलाय, तर किका मारून मारून इंजिनात पेट्रोल जास्त झालंय, एवढंच. प्लग सुकव, थ्रॉटल पूर्ण उघडून चार किका मार.

ठिणगी अजिबातच नसेल तर घाबरून सीडीआय आणायला पळू नकोस. या गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयची एक वायर अर्थ होते आणि इंजिन बंद पडतं. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती काळी-पांढरी असते. चावीच्या स्विचात पाणी गेलं, किंवा हँडल वळवून वळवून मानेजवळ ही वायर घासून बॉडीला टेकली, तर चावी चालू असूनही गाडीला ती बंदच वाटते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, प्लगला मात्र करंट नाही. माणसं इथेच फसतात आणि सामान बदलत सुटतात. सीडीआयपाशी ती एक वायर तात्पुरती सोडव आणि किक मार. ठिणगी आली तर सीडीआय, कॉइल, मॅग्नेट सगळं ठीक, दोष स्विचात किंवा त्या वायरीत. पण ती सोडवलेली असताना चावीने इंजिन बंद होणार नाही, तेव्हा गाडी न्यूट्रलला ठेव आणि तपासून झाली की वायर परत जोड. तरीही ठिणगी नसेल तर ओळखीतल्या कुणाच्या त्याच मॉडेलच्या गाडीचा सीडीआय लावून बघ. मीटरने सीडीआयचं निदान होत नाही. त्यानेही ठिणगी आली नाही तर इग्निशन कॉइल किंवा मॅग्नेटच्या कॉइल उरतात, ते काम माझ्याकडे आण.

उंदीर विसरू नकोस. तुमच्या पडवीत भाताची पोती आणि गाडी शेजारी असतात. सीटखाली, टाकीखाली बोटं फिरवून वायरी बघ. कुरतडलेली वायर पिळून नुसती टेप गुंडाळू नकोस, पहिल्या पावसात ती हिरवी पडते. झाळून घे आणि वर स्लीव्ह चढव. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाल. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून गाडी चालवणारे लोक आहेत. फ्यूजने आपला जीव देऊन जी वायर वाचवायची, ती मग पेट्रोलच्या टाकीखाली जळते.

हे सगळं इतकं तपशिलात लिहितोय, कारण तुझ्या पाड्यावर रात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा आल्या, तर रुग्णवाहिका येईपर्यंत तुमचीच गाडी बाहेर निघते. तशा वेळी ती गाडी सुरू होणार की नाही, हे दिवसाउजेडी आधीच माहीत असलं पाहिजे. आणि तुला ते जमेल. मुलींना यातलं कळत नाही म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, मीटर कुणाच्या हातात आहे हे वायरीला कळत नसतं.

तुझ्या मैत्रिणीची नवी गाडी इंजेक्शनची आहे ना, तिला यातलं थोडंच लागू पडेल. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स आलं, बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला. तिच्या गाडीत चावी चालू केली की पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद ‘झूं’ करतो. तो आवाज आला नाही तर बॅटरी, फ्यूज आणि किल स्विच याच क्रमाने बघायचं. पंपाला बॅटरी लागते, तेव्हा पार उतरलेल्या बॅटरीवर धक्का मारून दम घालवू नका. साइड स्टँड खाली असेल तर काही मॉडेल सुरूच होत नाहीत, तेही बघायला सांग.

तुझी गाडी सुरू झाली की शेवटचं काम. इंजिन चांगल्या वेगावर ठेव, हेडलाइट लाव आणि बॅटरीवर मीटर धर. साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे आकडा हवा. बाराच्या आसपास रेंगाळला तर चार्जिंग होत नाहीये, नवी बॅटरी घातलीस तरी महिन्याभरात तीही उतरेल. पंधराच्या वर गेला तर रेक्टिफायर गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय.

रविवारपर्यंत मला एवढं फोनवर सांग: सकाळचा बॅटरीचा आकडा, सेल्फ दाबतानाचा आकडा, ठिणगीचा रंग, आणि काळी-पांढरी वायर सोडवल्यावर काय झालं. त्यावरून कुठला पार्ट लागेल ते सांगतो. येताना ताईसाठी नाचणीचं पीठ घेऊन येतो, तिला डबा रिकामा करून ठेवायला सांग.

तुझा,
मामा