‘पानी’ म्हणणारा मुलगा

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सरावपाठाला निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. सहावीचा वर्ग. छात्राध्यापिकेचे टाचण चोख, फलकलेखन सुबक. विषय जलचक्राचा. तिच्या प्रश्नावर तिसऱ्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि विहिरीचे ‘पानी’ उन्हाळ्यात कुठे जाते ते सांगू लागला. ‘पाणी म्हण,’ तिने थांबवले. तो पुन्हा ‘पानी’च म्हणाला. वर्ग हसला. तिसऱ्या खेपेला त्याला ‘ण’ जमला, पण विहिरीची गोष्ट अर्धीच राहिली. तास संपेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही. मी वहीत शेरा मारला : ‘उच्चारशुद्धीकडे लक्ष. छान.’

चूक त्या मुलीची नव्हती. तिला तसे शिकवणारे आम्हीच होतो.

विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागांत बहुसांस्कृतिकता हा शब्द आता रुळला आहे. त्यावर प्रश्नपत्रिकेत टीप येते. वर्षातून एकदा नऊवारी, धोतर, लुंगी नेसून कार्यक्रम होतो, भिंतीवर वारली चित्रे काढली जातात, आणि फोटो नॅकच्या अहवालात जातात. मात्र ज्या वारली मुलाच्या घरची ती चित्रे, तो वर्गात गप्प का बसतो, हा प्रश्न त्या भिंतीपाशी कोणी विचारत नाही.

मराठी वर्गातला ‘न’ आणि ‘ण’ हा तसा भावकीतला तंटा. मेळघाटात गोष्ट वेगळीच. तिथली कोरकू ही मुंडा गटातली भाषा, तिचे नाते संथाळीशी. गडचिरोलीतली गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या. म्हणजे धारणी किंवा भामरागडच्या पहिलीतल्या मुलाला मराठी पुस्तक देणे हे पुण्यातल्या मुलाला पहिल्याच दिवशी तेलुगू पुस्तक देण्यासारखे आहे. त्यात अडखळलेल्या पुण्यातल्या मुलाला आपण ‘मंद’ म्हटले नसते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 शक्य तोवर मातृभाषेतून शिक्षण द्या असे सांगते, आणि ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांत सगळी कोरकू मुले बसवता येतात. त्यांची भाषा येणारा शिक्षक घडवणे हे ज्यांचे काम, त्या विभागांनी ते शक्य करून पाहिले आहे का?

मुलांप्रमाणे शाळा बदलण्याचे काम विद्यापीठाबाहेर फार आधी झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत बसत नसेल तर बदलायचे शाळेने, हा त्यामागचा विचार. बी.एड.ला आम्ही हे इतिहासाच्या पेपरात शिकवतो, पद्धतीच्या पेपरात नाही.

मग प्रमाण मराठी शिकवायचीच नाही का? शिकवायची, आणि उत्तम शिकवायची. परीक्षा, अर्ज, कचेरी सगळे तिच्यातच चालते, आणि ती नाकारणे हा पाड्यावरच्या मुलावर दुसरा अन्याय होईल. प्रश्न क्रमाचा आहे. बोलते झालेले मूल ‘ण’ शिकते. गप्प झालेले मूल ‘ण’ शिकूनही गप्पच राहते.

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. बहुतेक विभाग ते वसतिगृहापासून चालत जाता येईल अशा शाळेत उरकतात. त्यातले चार आठवडे विद्यार्थ्यांना आपली भाषा जिथे चालत नाही अशा ठिकाणी धाडावे. धारणीला, धडगावला, किंवा ऊसतोड कामगारांच्या साखरशाळेत. अट एकच : त्या मुलांकडून त्यांच्या भाषेत एक गोष्ट ऐकून, शिकून, त्यांनाच सांगून दाखवायची. चुकेल तेव्हा मुले हसतील. ते हसू अंगावर घेतलेला शिक्षक ‘पानी’ला हसणारा वर्ग पुढे वेगळ्या तऱ्हेने हाताळेल, असे मला वाटते. सोय कठीण आहे, राहण्याजेवणाचा खर्च आहे, हे मान्य. वार्षिक महोत्सवावरचा खर्च मात्र आपल्याला कधी कठीण वाटला नाही.

आणि निरीक्षक मंडळींना एक विनंती. आपल्या तक्त्यात प्रस्तावना, फलकलेखन, आवाज, शैक्षणिक साहित्य यांना गुण असतात. तासात किती मुले बोलली, यासाठी एक रकाना वाढवा.