आधी खरखर शोधा

पहाटे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीत शॉर्टवेव्ह लावली की कळतं, लांबचं स्टेशन येत असतंच. वर खरखर चढलेली असते. ओटीवरचा एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर. म्हणून माणूस लूप अँटेनाकडे वळतो. मीटरभर व्यासाचं तांब्याचं कडं, 41 मीटर बँडच्या लहरीपुढे चिमुकलंच. ते फिरवत गेलं की एका दिशेचा गोंगाट जवळजवळ बुजतो. पण हाती येणारा सिग्नलही इतका क्षीण, की कड्याला लागूनच ॲम्प्लिफायर हवा.

इथे नवखा गेन, म्हणजे ॲम्प्लिफायरची पट, वाढवत सुटतो. ॲम्प्लिफायरला स्टेशन काय नि खरखर काय, दोन्ही सारखंच. पहिल्या ट्रान्झिस्टरने स्वतःची जी सळसळ मिसळली, ती पुढच्या पायऱ्या इमानेइतबारे मोठी करत नेतात. तेव्हा सगळी अक्कल पहिल्या पायरीवर खर्च करावी. त्यात आकाशवाणीचे मुंबईचे मध्यमलहरी प्रक्षेपक मालाडला, आणि खाऱ्या पाण्यावरून या लहरी फारशा न थकता येतात. नाजूक ट्रान्झिस्टर या दांडग्या पाहुण्यांखाली दबतो आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करून हवेत नसलेली स्टेशनं ऐकवतो! मला विचाराल तर थोडा जास्त करंट पिणारा, पण दणकट ॲम्प्लिफायर बरा. परीक्षा सोपी आहे: लूप काढून तेवढ्याच इंडक्टन्सची टोरॉइडवरची कॉइल जोडा. खरखर चांगली उतरली, तर ती बाहेरची होती. ॲम्प्लिफायर पुरेसा शांत आहे, त्यावर आणखी पैसे घालवू नका.

बाहेरची खरखर गेनने जात नाही, तिच्यापासून दूर जावं लागतं. याचा जुना दाखला जवळच आहे. अलिबाग इथून फार लांब नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चाले. मुंबईत ही मोजणी बिघडवणाऱ्या विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस उपकरणांशी झटत बसले नाहीत. मोजणीच अलिबागला हलवली. लोखंड टाळून इमारत बांधली, 1904 ते 1906 दोन्हीकडे नोंदी ठेवल्या, मेळ घातला आणि मग कुलाब्याचं काम थांबवलं. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये.

तेव्हा लूपला हात घालण्याआधी घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवरचा रेडिओ पाच मिनिटं ऐका. खरखर एकदम बसली, तर सोल्डरिंग बाजूला ठेवा आणि आधी तो स्वस्तातला चार्जर बदला.